धनगरी आणि कारवान: देशी कुत्री पाहायला माणदेशात, जतला जायचं तर

दहिवडीच्या नाहीतर आटपाडीच्या स्टँडवर उतरून ‘इथं देशी ब्रीड कुठं बघायला मिळेल?’ असं विचारलं की लोक दोनपैकी एका ठिकाणी पाठवतात. एक, जिथं पिल्लं विकायला काढलेली असतात तिथं. दोन, ज्याच्या दारात साखळीला लॅब्राडॉर बांधलेला असतो तिथं. यात लोकांची चूक नाही. ‘ब्रीड’ म्हणजे विकत आणलेलं कुत्रं, असाच अर्थ गावात रूढ आहे. मेंढरांमागं चालणारं कुत्रं त्यांच्या लेखी ब्रीड नसतंच. ते नुसतं ‘वाड्यावरचं कुत्रं’. वाडा म्हणजे धनगराचा मेंढरांसकट पडलेला तळ.

म्हणून ‘मेंढरं कुठं बसल्यात?’ असं विचारा. या प्रश्नाला चहाच्या टपरीवरचा कोणीही उत्तर देतो, रस्ता दाखवतो आणि वर ‘कुत्री लई वाईट हैत, संभाळून’ हेही सांगतो. तुम्हाला तेवढंच हवं असतं.

सातारा-सांगलीच्या पूर्व अंगाला दोन वेगळ्या धाटणीची कुत्री आहेत. त्यांची गल्लत करून निघालात तर पहिला दिवस वाया जातो. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यात धनगरी कुत्रं सापडतं. ते मध्यम ते थोराड, छातीला रुंद, बहुतेक काळं, तपकिरी नाहीतर भुरकट असतं आणि रात्री जागून राखण करतं. जत आणि त्यापुढं कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत लांब तोंडाचं, खोल छातीचं, पोट आत गेलेलं, नजरेनं शिकार हेरून पळणारं कारवान दिसू लागतं. कारवानातच कानांवर, शेपटीवर मऊ लांब केस असले की त्याला पश्मी म्हणतात. धनगरी कुत्र्याला प्रदर्शनात मापायचं लिखित मानक नाही, त्यामुळं एकाच वाड्यावरची चार कुत्री चार तऱ्हेची दिसली तर ‘भेसळ आहे’ असं म्हणून तोंड वाकडं करू नका. धनगरानं शेकडो वर्षं निवड केली ती कामावरून. कोण जागं राहतं, कोण मेंढराला दात लावत नाही, लांडगा आल्यावर कोण मागं सरत नाही, यावरून पिलू ठेवलं गेलं. रंगाला आणि कानाच्या ठेवणीला त्यात फार जागा नव्हती.

कधी जायचं

या सगळ्या बेतात महिन्याची निवड सर्वांत महत्त्वाची. निम्म्या लोकांची फेरी इथंच फसते. नाताळची सुट्टी मिळते, गाडी काढून लोक थेट माणमध्ये जातात, आणि वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि चार शेळ्या एवढंच दिसतं. कारण वाडे निघून गेलेले असतात.

माणदेश पर्जन्यछायेत आहे. शंभू महादेवाच्या डोंगररांगेत पावसाळ्यात जे गवत येतं ते दिवाळीपर्यंत पुरतं. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर लादून कळप हलू लागतात. कोणी घाट उतरून कोकणात जातं, कोणी कृष्णाकाठाला, म्हणजे कराड, वाळवा, पलूस, मिरज या भागात. तिथं ऊस तुटलेल्या, पीक निघालेल्या रानात शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं बसवून घेतो आणि बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. मृगाचा पाऊस लागला की उलटा प्रवास सुरू होतो.

याचा अर्थ सरळ आहे. कुत्री त्यांच्या मूळ माळावर पाहायची असतील तर श्रावणापासून दिवाळीपर्यंत जा. त्यातही भाद्रपद-आश्विन सर्वांत चांगला: गवत उभं असतं, कळप घराजवळ असतात, धनगराला बोलायला सवड असते. आणि जानेवारी-फेब्रुवारीतच सुट्टी मिळत असेल तर माणला जाऊच नका. सांगली-कराडच्या आसपास नदीकाठच्या गावांत विचारत फिरा. तीच माणसं, तीच कुत्री शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर ऊसाच्या फडाशेजारी बसलेली सापडतील. मार्च ते मे टाळा. ऊन चाळिशीच्या पुढं जातं, कुत्री दिवसभर सावलीला पडून असतात आणि माणसंही पाण्याच्या मागं असतात.

जत्रांचा उपयोग वेगळा. खरसुंडीची पौषातली, पुसेगावची डिसेंबर-जानेवारीतली, जतची यल्लम्मादेवीची मार्गशीर्षातली यात्रा खिलार जनावरांसाठी प्रसिद्ध. आटपाडीच्या उत्तरेश्वराची कार्तिकातली यात्रा शेळ्या-मेंढ्यांसाठी, विशेषतः माडग्याळी जातीच्या मेंढ्यांसाठी. कुत्री पाहायला म्हणून इथं जाण्यात अर्थ नाही, कारण कामाचं कुत्रं जत्रेत आणत नाहीत. पण माणसं भेटतात. आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार शनिवारी भरतो. सकाळी लवकर जाऊन दोन-तीन मेंढपाळांशी ओळख केलीत आणि ‘तुमचा वाडा आता कुठं हाय?’ एवढं विचारून घेतलंत, की पुढचे दोन दिवस अंदाजानं भटकावं लागत नाही. दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या रांजणीला मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत. तिथल्या कर्मचाऱ्यांना कुठल्या गावात कळप जास्त, हे माहीत असतं. पंचायत समितीतला पशुधन विकास अधिकारीही सांगू शकतो. तो फिरतीवर असतो, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास गाठावा.

वाट आणि वाहन

साताऱ्याकडून येणाऱ्यानं पुसेगाव, दहिवडी, म्हसवड असा रस्ता धरावा आणि तिथून खाली आटपाडी, खरसुंडीकडं उतरावं. सांगलीकडून येणाऱ्यानं मिरज, कवठेमहांकाळ, जत. दोन्ही एका फेरीत करायचं तर चार दिवस हातात ठेवा: दोन माण-आटपाडीला, एक जतला, एक कर्नाटकातल्या मुधोळला, जिथं कारवानाचं संशोधन केंद्र आहे. मुक्काम म्हसवड, आटपाडी किंवा जत अशा मोठ्या गावात. लॉज साधी आहेत, पण मिळतात. रेल्वेनं येणाऱ्यासाठी एक सूचना: मिरज-पंढरपूर मार्गावर ‘जत रोड’ नावाचं स्टेशन आहे. नावावर विसंबून तिथं उतरू नका. जत गाव तिथून बरंच लांब आहे आणि स्टेशनाबाहेर वाहन उभं असेलच असं नाही. कवठेमहांकाळला उतरून एसटी धरणं सोपं.

चारचाकीपेक्षा मोटारसायकल बरी, कारण वाडा कधीच डांबरी रस्त्यावर नसतो. पाऊस पडून गेलेल्या दिवशी काळ्या रानात गाडी घालू नका. माती चाकाला आणि मडगार्डाला थापली जाते, शंभर फुटांत चाक फिरायचं थांबतं, आणि काठीनं कोरून काढण्याशिवाय इलाज नसतो. मुरमाड माळ त्या मानानं चालतो, पण तिथं वेड्या बाभळीचे काटे. ते पातळ चपलेतून पायात आणि टायरमधून ट्यूबमध्ये सहज जातात. पंक्चरचं सामान, हवेचा छोटा पंप आणि जाड तळाचे बूट हवेत. मोज्यांत कुसळं घुसतात म्हणून पायजम्यापेक्षा जीन बरी. माणशी चार-पाच लिटर पाणी. वाड्यावरचं पाणी लांबून आणलेलं असतं, त्यावर अवलंबून राहू नये. चहापत्ती पाव किलो, साखर एक किलो आणि काडेपेटीचा पुडा एवढी भेट पिशवीत ठेवा. एवढ्यानं कोणाला अवघडल्यासारखं होत नाही आणि ती लगेच वापरात येते.

स्वतःचं कुत्रं बरोबर नेऊ नका, कितीही शहाणं असलं तरी. एक तर मारामारी होते, आणि धनगरी कुत्री एकेकटी लढत नाहीत. दुसरं म्हणजे वाड्यावरच्या बहुतेक कुत्र्यांना पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगांची लस नसते. तुमच्या लस घेतलेल्या कुत्र्याच्या पायांवरूनही रोग तिथं पोचू शकतो. आधी एखाद्या केनेलला जाऊन आला असाल तर बूट ब्लीचच्या पाण्यानं धुऊन मगच वाड्यावर जा.

वाड्यावर जाताना

वेळ दोनच: सकाळी मेंढरं रानात सोडायच्या आधी, साधारण आठ-नऊच्या सुमारास, नाहीतर संध्याकाळी कळप परत येतो तेव्हा. दुपारी गेलात तर बिऱ्हाडापाशी बाया, लहान पोरं, कोकरं आणि एखाददुसरं कुत्रं असतं. बाकी कुत्री पुरुषांबरोबर कळपामागं. अंधार पडल्यावर अनोळखी माणसानं वाड्याजवळ जायचंच नाही. रात्रीचं कुत्रं आणि दिवसाचं कुत्रं एकच असलं तरी स्वभाव एक नसतो. रात्री त्याला लांडगा आणि चोर एवढ्या दोनच गोष्टी माहीत असतात.

गाडी वाड्यापासून दीडशे-दोनशे फुटांवर बंद करा आणि तिथंच उभं राहून हाक द्या: ‘ओ मामा, कुत्री धरा!’ बाई असेल तर मावशी किंवा आक्का. कुत्री भुंकत धावत येतील. ती आली की पळू नका. खाली वाकून दगड उचलायचं नाटकही करू नका. गावातलं कुत्रं त्या हालचालीनं पळतं, हे पुढं येतं. हात अंगाशी, नजर जमिनीकडं, अंग थोडं तिरकं ठेवून उभं राहा. मालकाची हाक आली की ती वर्तुळ मोठं करतात, पण भुंकणं थांबवत नाहीत. मालकानं ‘या आता’ म्हटल्यावर त्याच्या मागोमाग, त्याच्याच वाटेनं जा.

सर्वांत जास्त चावे कुठं बसतात? कुत्रं आणि मेंढरं यांच्यामध्ये माणूस येतो तिथं. फोटोसाठी कळपात शिरणं, वाघूर ओलांडणं, कोकरू उचलून घेणं, या तीन गोष्टींना धनगरी कुत्रं माफ करत नाही. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावलेली दोरीची जाळी. कुत्र्याच्या लेखी ती वाड्याची हद्द. तुम्ही मालकाशी हसत-बोलत असलात तरी हद्द ओलांडल्यावर ते तुम्हाला धरणारच, आणि मालक तुम्हालाच बोल लावेल.

घोंगडीवर बसायला सांगितलं तर पायताण बाहेर काढा. घोंगडीला बिरोबाचा मान आहे. ती पायानं सरकवणं, तिच्यावर चपला घेऊन उभं राहणं लागून जातं आणि त्यानंतर गप्पा पुढं सरकत नाहीत.

आता सर्वांत मोठी चूक, जी कुत्र्यावर प्रेम असलेलेच लोक करतात: बिस्किटं. खिशातून पुडा काढून कुत्र्यापुढं टाकायचा नाही. राखणीच्या कुत्र्यानं परक्याच्या हातचं खाल्लं की ते कामातून गेलं. मेंढ्या चोरणारा माणूसही आधी तेच करतो आणि त्या तुकड्यात विष असू शकतं. धनगर तोंडानं काही बोलणार नाही, पण तुमच्याबद्दलचं मत तिथंच ठरतं. कुत्र्यानं तुमचं बिस्किट हुंगून सोडून दिलं तर ते चांगल्या वळणाचं आहे असं समजा, आणि पुडा पोरांना द्या.

काय पाहायचं, काय विचारायचं

पहिला अर्धा तास कुत्र्याबद्दल काही विचारू नका. मेंढरं, पाऊस, वैरण, लोकरीला आता कोणी विचारत नाही, यावर बोला. तेवढ्या वेळात कुत्रीही निवतात आणि आपापल्या जागी जातात. ती जागाच पाहण्यासारखी असते. एक उंचवट्यावर, एक वाऱ्याच्या तोंडाला, एक कोकरांजवळ. म्हातारं कुत्रं बहुधा चुलीजवळ. कोण कुठं बसतं हे कोणी शिकवलेलं नसतं.

गळ्यात खिळ्यांचा पट्टा दिसला तर तो शोभेचा नाही. लांडगा किंवा बिबट्या कुत्र्याला गळ्यालाच धरतो, म्हणून पत्र्याला बाहेरून खिळे ठोकलेले असतात. काही कुत्र्यांचे कान कापलेले दिसतील. भांडणात फाटू नयेत म्हणून कापतात असं सांगतात. ही जुनी रीत आहे, पण प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात बसत नाही, आणि तुमच्यासाठी पिलाचे कान कापून द्यायला कोणाला सांगू नका.

विचारायचे प्रश्न थोडे आणि नेमके असावेत. हिची आई कोणाच्या वाड्यावरची? लांडगा आला तर पहिलं कोण उठतं? भाकरीबरोबर काय घालता? आणि सर्वांत कामाचा प्रश्न: हे मेलं-गेलं तर दुसरं कुठून आणाल? या एका उत्तरात पुढच्या चार वाड्यांचा पत्ता मिळतो, कारण चांगल्या कुत्रीची पिल्लं सोयऱ्याधायऱ्यांतच फिरतात. ‘हे प्युअर आहे का?’ हा प्रश्न मात्र टाळा. ऐकणाऱ्याला त्यातून फक्त विकत घेणारा दिसतो, आणि मग हो म्हणणं सोयीचं असतं.

नोंदवहीत गाव, तालुका, तारीख, मेंढरं किती, कुत्री किती, नर-मादी, रंग, कान-शेपटीची ठेवण आणि काम लिहा. उंची मोजायला कुत्र्याला टेप लावायला जाऊ नका. एका काठीवर दर पाच सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि मालकाला ती काठी कुत्र्याशेजारी धरायला सांगून फोटो घ्या. मग खांद्याची उंची घरी बसून वाचता येते. फोटो बाजूनं, कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवरून, चार-पाच मीटर लांबून, सपाट जमिनीवर. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड आणि डोकं मोठं दिसतं, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. फ्लॅश नको. आणि फोटो समाजमाध्यमांवर टाकताना वाड्याचं नेमकं ठिकाण टाकू नका. मेंढरांची चोरी हा तिथला रोजचा घोर आहे.

जतचा कारवान

जतच्या पुढं पूर्वेला भाषा बदलते. उमदी, संख या भागात कन्नड घरोघर बोललं जातं. मराठी बहुतेकांना कळतं, तरी दोन शब्द पाठ असावेत: कुत्रं म्हणजे ‘नायी’, मेंढी म्हणजे ‘कुरी’. पिलाला म्हणतात ‘नायी मरी’. ‘नायी मरी अदे’ ऐकून हळहळू नका, पिलू आहे असंच समोरचा सांगतोय.

कारवान आणि मुधोळ हाउंड ही एकाच कुत्र्याची दोन नावं. महाराष्ट्रात कारवान, कर्नाटकात मुधोळ. केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कॅरॅव्हॅन हाउंड’ म्हणून नोंदवतो, दुसऱ्या संस्थेच्या कागदावर ‘मुधोळ हाउंड’ असतं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली, तेव्हापासून मुधोळचं नाव चिकटलं. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत हेही होतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं राजपालयम आणि चिप्पीपराईबरोबर मुधोळ हाउंडची जात म्हणून नोंद केली आहे.

पाहताना आधी डोकं बघा. लांब, निमुळतं, आणि कान गालाला लागून खाली लोंबणारे. खांद्याशी उंची साधारण ६५ ते ७२ सेंटिमीटर, मादी थोडी बुटकी. कमरेची दोन हाडं वर आलेली दिसणं हे चांगलं लक्षण आहे, ते उपाशी नाही. दोन-तीन बरगड्या दिसल्या तरी चालतं. पण पाठीचा मणका न् मणका मोजता येत असेल आणि कानशिलं खोल गेली असतील तर मात्र खायला कमी पडतंय किंवा जंत झालेत.

भेसळ होते ती ग्रेहाउंडची, शर्यतीसाठी. ओळखायची खूण कान आणि मांडी. कान मागं दुमडून मानेला चिकटलेले, मांडीला गोळेच्या गोळे स्नायू, पाठ कमानीसारखी उचललेली, असं दिसलं तर रक्तात ग्रेहाउंड आहे. असं कुत्रं कमी अंतरात कारवानाला मागं टाकतं. पण कारवानाची कमाई लांब पल्ल्याची आहे: भर उन्हात, खडकाळ माळावर, पायाची गादी न फाटता. ते शर्यतीच्या तीनशे-चारशे मीटरांत दिसत नाही.

आणि ‘जरा पळवून दाखवा, ससा उठवा’ असं कोणालाही म्हणू नका. सशाची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. कुत्रं सोडणं म्हणजेच शिकार, आणि सांगणारा तुम्ही असलात तरी अडकतो तो दाखवणारा. पळताना पाहायचं तर सकाळी मालकाच्या सायकलमागं किंवा मोटारसायकलीमागं रानरस्त्यानं सोडायला सांगा. चाल तेवढ्यात कळते.

हद्द ओलांडून अथणी, जमखंडीमार्गे मुधोळला गेलात तर गावाजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. आधी फोन करून, परवानगी घेऊन जा. सुट्टीच्या दिवशी गेलात तर फाटकावरून परत यावं लागतं. जतच्या वस्तीवर काय बघायचं हे डोळ्यांत बसवायला खरं तर ही फेरी आधी केली तरी चालते.

चावलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली, साबणानं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवा. माळावर नळ नसतो, म्हणून पाण्याचा वेगळा कॅन आणि साबणाची वडी गाडीत हवीच. चुना, हळद, मिरची, तंबाखू काही लावू नका. लोक आग्रह करतील, तरी नाही. टाके लगेच घालून घेऊ नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रेबीजची लस मिळते: ०, ३, ७, १४, २८ अशा दिवसांना दंडावर. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, लागतं. ते लहान दवाखान्यात नसलं तर वेळ न घालवता सातारा, सांगली किंवा मिरजेचं मोठं सरकारी रुग्णालय गाठा. ‘कुत्रं वाड्यावरचं आहे, दहा दिवस बघू’ म्हणत लस लांबवू नका. वाडा दहा दिवस एका जागी राहत नाही. अशा फेऱ्या वारंवार करणाऱ्यानं आधीच ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी लस घेऊन ठेवावी. मग चावल्यावर दोनच डोस लागतात आणि सीरम लागत नाही.

पिलू आणायचं मनात असेल तर

धनगरी पिलू फ्लॅटमध्ये आणू नका, हे आधीच सांगितलेलं बरं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिलू कोकरांत वाढतं, त्यांच्या वासानं झोपतं, आणि तिथून त्याची ‘आपली माणसं’ ठरतात. त्या वयात उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं तर त्याला राखायला कळप उरत नाही. उरतो जिना. मग ते रात्रभर जिन्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला भुंकतं आणि वर्षाच्या आत कुठल्यातरी फार्महाउसला साखळीला बांधलं जातं. शेत आहे, जनावरं आहेत, राहतं घर तिथंच आहे, अशानंच विचार करावा.

कारवान त्या मानानं घरात निवांत राहतं, पण रोज मोकळं पळायला कुंपण घातलेली जागा लागते. त्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद, त्यामुळं साधा पट्टा मागं ओढल्यावर सहज निसटतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा घ्या. समोरून मांजर गेलं की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि रस्त्यावर हीच गोष्ट जीवावर बेतते.

आठ आठवड्यांखालचं पिलू विकायला २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार मनाई आहे. वय तोंडी सांगितलेलं मानू नका, तोंड उघडून बघा. दुधाचे सगळे, म्हणजे २८ दात आठ आठवड्यांपर्यंत आलेले असतात. मागच्या दाढा अजून फुटल्या नसतील तर पिलू लहान आहे. आई समोर बघा, शक्यतो दोनदा, वेगवेगळ्या वेळी. हिरड्या गुलाबी हव्यात. फिकट असतील तर गोचीड किंवा जंत. कानाच्या मागं आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. अंग वाळकं आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं, तर जंत नक्की. बेंबीला मऊ फुगवटा असेल तर हर्निया. मेंढपाळानं पैसे नको म्हटलं तर हुज्जत न घालता धान्याचं पोतं पोचतं करा. आणि ज्या वाड्यावर दोनच पिल्लं उरलीत आणि कुत्री म्हातारी आहे, तिथून पिलू मागू नका. पुढच्या पाच वर्षांची राखण त्या पिलांवर आहे.

परत येताना पिलाला निघण्याच्या तीन-चार तास आधी खाऊ घाला, नंतर फक्त घोट घोट पाणी. आईच्या अंगाखालची चिंधी टोपलीत टाका, रडणं निम्म्यानं कमी होतं. ढाब्यावर, पेट्रोल पंपावर पिलाला जमिनीवर सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि लस नसलेलं पिलू लक्षणं दिसल्यावर दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. शू करायला गाडीतच जुनी वर्तमानपत्रं अंथरा. साताऱ्याहून पुण्याकडं जाणाऱ्याला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय महामार्गालगत आहे. घरी पोचल्यावर दोन दिवसांत पशुवैद्याला दाखवून जंताचं औषध आणि पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. कारवान असेल तर फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘साइटहाउंड’ (नजरेनं शिकार हेरून पळणारं कुत्रं) लिहून घ्या: या कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी असते आणि थायोपेंटोनसारखी भूल त्यांच्या अंगातून फार सावकाश उतरते. शहरातल्या प्रत्येक डॉक्टरानं हे कुत्रं टेबलावर घेतलेलं असतंच असं नाही.